पोच फक्त खेचरांची

इंग्रजांनी माझ्या थोरल्या भावाला फसवलं. ग्वाल्हेर दरबाराने तो त्यांना उसना दिला, त्यांनी तो नेला, आणि परत करायची वेळ आली तेव्हा देणारा आणि नेणारा, दोघांपैकी एकही जागेवर नव्हता. यात न समजण्यासारखं काही नाही. बाजारात कुणी असं केलं असतं तर मी त्याची गचांडी धरली असती आणि शेजारचे चार दुकानदार माझ्या बाजूने उभे राहिले असते. पण नेणारा देश असला, त्याच्याकडे विमानं आणि जहाजं असली, की हेच दुकानदार मान हलवतात आणि म्हणतात, "अहो, लढाईत असं व्हायचंच."

का व्हायचंच? माझ्या भावाचं कुणाशी भांडण होतं?

माझं दुकान लष्करात, पाटणकर बाजारात आहे. लष्कर म्हणजे आमच्या शहराचाच एक भाग. कधीकाळी दक्षिणेतून आलेल्या फौजेचा तळ इथे पडला आणि तो उठलाच नाही. त्या फौजेबरोबर आमचे पूर्वज आले. घरात पिढ्यानपिढ्या शिपाईगिरी. मी मात्र फौजेत गेलो नाही, फौजेने टाकलेला माल विकायला लागलो. आधी रस्त्यावर चादर पसरून पितळी बटणं आणि पट्ट्यांची बक्कलं मांडली. मग घोंगड्या, बूट, पाण्याच्या बाटल्या, तंबूचं कापड. लिलावात समोरच्याचा श्वास ऐकून मी सांगू शकतो की हा अजून चढेल की इथेच थांबेल. हे मला कुणी शिकवलं नाही, आणि दुकानही कुणी दिलं नाही. वडिलांनी तर नाहीच. त्यांना आम्ही आबा म्हणायचो. ते दरबारच्या पागेत होते. मी पहिल्यांदा चादर पसरली तेव्हा ते समोरून मान फिरवून निघून गेले होते.

संध्याकाळी घरी म्हणाले, "शिपायाचा पोरगा दुसऱ्यांचे उतरलेले बूट विकतो."

"विकतो तर विकतो. घालून मरत तर नाही," मी म्हणालो.

आबांनी कानाखाली दिली. मागे दादा जेवत बसला होता, तो इतका हसला की त्याला ठसका लागला. "मारू नका आबा, उद्या शेठ आपल्याला बटणं उधार देणार नाही." तेव्हापासून तो मला शेठ म्हणायला लागला. रागावला तरी शेठ, लाडात आला तरी शेठ.

दादा दरबारच्या फौजेत खेचरांच्या तुकडीत होता. डोंगरात जिथे गाडी जात नाही तिथे खेचरांवरून दारूगोळा आणि दाणापाणी न्यायचं, हे त्या तुकडीचं काम. खेचर हे जनावर वाकडं. एका माणसाची सवय झाली की दुसऱ्याला लाथ मारतं. दादा म्हणायचा, "खेचराशी भाव करता येत नाही शेठ, तुझा धंदा तिथे चालायचा नाही. त्याला आधी पटावं लागतं."

दुसरी मोठी लढाई सुरू झाली आणि दरबाराने आपली फौज इंग्रजांच्या दिमतीला दिली. दिमतीला दिली म्हणजे काय, हे आमच्या घरात कुणी विचारलं नाही. सरकारांचा हुकूम, एवढं पुरे होतं. आमच्या घरात सरकार म्हणजे महाराज. सरकारांचं मीठ, सरकारांची चाकरी. ते मीठ लंडनच्या खात्यावर कधी चढवलं गेलं ते आबांना कळलं नाही.

दादा निघाला ती सकाळ मला नीट आठवते. वहिनींनी ओवाळलं. लग्नाला जेमतेम दोन वर्षं झाली होती. त्या देवासकडच्या, घरात सगळ्यात कमी बोलणाऱ्या. दादाने आबांच्या पायांवर डोकं ठेवलं, हातावर दही घेतलं आणि उंबऱ्यापाशी गेला. वहिनींनी तोंड उघडलं. त्या काय विचारणार ते आम्हा सगळ्यांना कळलं, कारण तेच आमच्याही ओठांवर होतं. आबा जोरात खाकरले. वहिनींनी ओठ मिटले.

आपल्याकडे घरातून निघालेल्या माणसाला 'कुठे चाललास' असं विचारत नाहीत. विचारलं तर काम होत नाही, अपशकुन होतो. चुकून कुणी विचारलंच तर जाणारा परत येतो, घटकाभर बसतो, पाणी पितो आणि मग निघतो. शिपायांच्या घरात तर हे फारच पाळतात. म्हणून आमच्यापैकी कुणीही दादाला विचारलं नाही की बाबा रे, तू चाललास कुठे. मी, जो जुन्या बुटाच्या जोडीचं सुद्धा कुळ-मूळ विचारल्याशिवाय हात लावत नाही, तो हात जोडून गप्प उभा राहिलो. सख्ख्या भावाचा सौदा, आणि माल कुठे चाललाय हे घरात कुणाला ठाऊक नाही. दादाला तरी कुठे ठाऊक होतं? त्याला मुंबईपर्यंतचं सांगितलं होतं. पुढे जहाज.

पहिली दोन वर्षं पत्रं आली. पत्रात जिथे जिथे गावाचं नाव असावं तिथे कात्रीने चौकोन कापलेला. 'मी सध्या' — भोक — 'इथे आहे. हवा' — भोक — 'सारखी आहे. खेचरं मजेत. शेठला सांगा, इथल्या बाजारात दर इतका वाढवून सांगतात की तोही दमेल.' मी पत्र उजेडात धरायचो तर त्या भोकांतून समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर दिसायचं.

"बघ," आबा अभिमानाने म्हणायचे, "किती मोठ्या कामावर आहे. नाव सुद्धा सांगता येत नाही."

"आबा, ज्या गिऱ्हाइकाला पत्ता सांगता येत नाही त्याला मी माल देत नाही."

"तुझं दुकान तुझ्यापाशी ठेव."

मग पत्रं बंद झाली. बऱ्याच काळाने दरबारातून एक माणूस आला आणि आबांना बाजूला घेऊन म्हणाला की आपला मुलगा बेपत्ता आहे. मेला असं नाही, पकडला गेला असंही नाही. बेपत्ता. आबांनी त्याला आधी चहा दिला, मग निरोप दिला, आणि आत येऊन म्हणाले, "सापडेल. शिपाई हरवत नसतो."

लढाई संपली. इंग्रज जिंकले असं आम्हाला सांगण्यात आलं, गुळाचा खडा सुद्धा वाटला. जिंकल्यावर माणूस घरी जातो असं मला वाटत होतं. यांनी आपल्याच शिपायांना उचलून जावा बेटावर नेलं, तिथे डचांचं गेलेलं राज्य परत बसवायला. म्हणजे हिंदुस्थानी माणसाने जावातल्या माणसाला मारायचं, कशाला तर डचाला खुर्ची मिळावी म्हणून. वर्तमानपत्रात हे वाचलं तेव्हा मी दुकानात एकटाच मोठ्याने बोललो. एक गिऱ्हाईक घाबरून घोंगडी न घेताच गेलं.

दादाची तुकडी परत आली. दादा आला नाही.

त्याचा एक जोडीदार किला गेटपाशी राहायचा. परतल्यावर त्याने तिथेच सायकल दुरुस्तीचं दुकान टाकलं होतं. मी त्याच्याकडे गेलो. तो चाक फिरवत होता, माझ्याकडे न बघताच म्हणाला, "ये शेठ. मला माहीत होतं तू येशील. बस."

"दादा कुठे आहे?"

"मिसरपर्यंत होता आमच्याबरोबर. मिसर म्हणजे तोच, कालवा आहे न, तिथला. तिथे उतरलो. तिथे साहेब आला आणि बोलला की पुढे एका गोऱ्या पलटणीला जनावरं हवीत, आमची अर्धी खेचरं तिकडे द्यायची. तर ठीक आहे, दिली. पण जनावर परक्या हाताला धरेना. एका गोऱ्याची मांडी फोडली न एका खेचराने! तर मग साहेब म्हणाला, थोडी माणसं सोबत द्या. तुझा दादा आपणहून पुढे झाला. त्याचीच खेचरं होती ती."

"मग?"

"मग काय. ती पलटण वाळवंटात पुढे गेली. मागून जर्मन आला, पळापळ झाली. कोण कुठे गेलं कुणाला पत्ता नाही."

"कागदावर काहीतरी असेल."

त्याने चाक थांबवलं. "शेठ, मी तिथे होतो. साहेबाने खेचरांची पोच घेतली. एकेकाच्या खुरावरचा नंबर वाचून घेतला, समोरच्या साहेबाने सही केली. माणसांची पोच घ्यायचं कुणाला सुचलं नाही. आमच्या पलटणीत त्यांची नावं खोडली, म्हणे दुसरीकडे दिली. दुसरीकडे नावं चढवली नाहीत, म्हणे ही आमची नाहीत. मधल्यामध्ये राहिली."

मी त्याच्याशी भांडलो. त्याचा काय दोष होता? काहीच नाही. तरी भांडलो. "तू तोंड का नाही उघडलंस?"

"साहेबासमोर?" तो हसला. "तू बोलला असता शेठ. म्हणून तर तू फौजेतला नाही."

घरी येऊन मी आबांना सांगितलं. खेचरांच्या पोचेचं सांगितलं नाही, ते मला जमलं नाही. वहिनी दाराआड होत्या. त्यांनी सगळं ऐकलं आणि चूल पेटवायला गेल्या.

पुढच्या चैत्रात गोरखी वाड्याजवळच्या एका मोठ्या घरी हळदीकुंकू होतं. ते दरबारी कारकुनांचं घराणं. आईला जाऊन पुष्कळ वर्षं झालेली, म्हणून आमच्या घरातून वहिनीच जायच्या. त्या दिवशी फार लवकर परत आल्या. ओटीतले हरभरे तसेच.

"अहो वहिनी, कुणी काही बोललं का?"

"नाही भाऊजी, कुणी काही बोललं नाही. यजमानीणबाईंनी कुंकू बोटावर घेतलं आणि माझ्यापाशी येऊन त्यांचा हात थांबला. लावावं का न लावावं, त्यांना कळेना. त्या आपल्या सासूबाईंकडे बघायला लागल्या. सासूबाई छताकडे. शेवटी मीच म्हटलं, राहू द्या, मला गर्मी होऊन राहिली आहे, आणि उठले."

एवढंच. त्या घरातल्या बायकांना मी दोष देत नाही. हात त्यांचा थांबला, पण तो थांबवला कुणी? कुठेतरी हजारो मैलांवर एका साहेबाला सही करायचा कंटाळा आला, म्हणून गोरखीतल्या एका बाईचं बोट हवेत राहिलं. लढाई अशी लांबून घरात शिरते.

मुरारच्या छावणीत लिलाव असला की मी जायचो. वाटेत गोऱ्यांचं जुनं कब्रस्तान लागतं. एकदा लिलावाला वेळ होता म्हणून आत गेलो. आमच्याच किल्ल्यापायी मेलेले गोरे शिपाई, तापाने मेलेले, उन्हाने मेलेले, एकेकाचा दगड. नाव, गाव, कोणत्या पलटणीचा, कसा मेला. ढोल वाजवणाऱ्या पोराचा सुद्धा दगड. मला त्या पोराचा राग आला नाही. तेही कुणीतरी जहाजात घालूनच आणलेलं. पण हे लोक लिहून ठेवत नाहीत असं आता मला कुणी सांगू नये. लिहिता येतं त्यांना. उत्तम येतं.

आणि मग आमच्याकडे सगळंच बदलायला लागलं. इंग्रज गेले. आबा म्हणाले, आता दरबाराला विचारू. विचारायला जाईतो दरबारच उरला नाही. ग्वाल्हेर, इंदूर आणि बारकीसारकी संस्थानं मिळून मध्य भारत हे राज्य झालं. दरबारची फौज हिंदुस्थानच्या फौजेत गेली. ते चांगलंच झालं, मी संस्थानाच्या नावाने रडणारा माणूस नाही. पागा, तंबू, खोगिरं लिलावात आली. मी पुष्कळ माल घेतला. आबांच्याच पागेतली खोगिरं माझ्या दुकानात आली तेव्हा ते दोन दिवस जेवले नाहीत.

त्या काळात मी किती कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवल्या त्याला गणती नाही. एका कचेरीतले बाबू माझ्या ओळखीचे झाले होते. भला माणूस, पान खाऊन हळू बोलणारा.

"किस फ़ौज में थे आपके भाई?"

"दरबार की।"

"वह फ़ौज तो अब रही नहीं।"

"फ़ौज नहीं रही, आदमी तो था।"

"भाईसाहब, जब गए थे तब अंग्रेज़ों के नीचे थे। अंग्रेज़ों से पूछिए।"

"कहाँ पूछूँ? वो तो चले गए।"

बाबूंनी पान एका गालातून दुसऱ्या गालात घातलं. "यही तो।"

माझं डोकं फिरलं. मी टेबलावर हात आपटला, दौत सांडली, शिपायाने मला दंडाला धरून बाहेर काढलं. आयुष्यभर मी एका गोष्टीवर जगलो, की समोरचा कितीही चिवट असो, तो समोर असला की सौदा होतो. इथे समोर कुणी नव्हतंच. ज्याला विचारावं तो म्हणायचा, माझ्या आधीच्याला विचारा. आधीचा बोटीत बसून गेलेला. दिल्लीला लिहिलं, दिल्लीने म्हटलं संस्थानी फौजेचं जुनं दप्तर संस्थानाकडे. विलायतेला लिहिलं, त्यांनी म्हटलं आता तुमचं सरकार वेगळं, तिकडे विचारा. फार सभ्य भाषेत. याच राष्ट्राला आमच्या पागेतल्या खेचराच्या खुराचा नंबर वाचायला सवड होती.

आबा या वाट बघण्यातच गेले. शेवटपर्यंत 'सापडेल' म्हणत होते, पण आवाज उतरला होता.

बारा वर्षं उलटली. माणूस बारा वर्षं सापडला नाही तर त्याला गेला म्हणायचं, दर्भ आणि पळसाचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा, पुढचं सगळं करायचं, अशी रीत आहे. पालाशविधी म्हणतात. गुरुजींनी पूर्वीच सुचवलं होतं, आबा असेपर्यंत कुणाची हिंमत झाली नाही. आता घरात मोठा मी. मी वहिनींच्या मागे लागलो. माझं म्हणणं सरळ होतं. ही टांगलेली गोष्ट एकदा संपवावी. लोकांना कळेल, बायकांच्या हाताला कळेल, वहिनींना कळेल. दर वेळी वहिनी म्हणायच्या, "बघू भाऊजी, दिवाळीनंतर." त्या दिवाळ्याही गेल्या.

मग ती दिवाळी आली, मध्य भारत मोडून मध्य प्रदेश झाला तेव्हाची. राजधानी भोपाळला गेली. ग्वाल्हेरच्या कचेऱ्या रिकाम्या होत होत्या, ट्रकांत कपाटं चढत होती. मी बाबूंना गाठलं. ते स्वतःच एका लाकडी पेटीवर बसले होते, बदली झालेली.

"आपका काग़ज़ भी जा रहा है," ते म्हणाले. "अब भोपाल में पूछिएगा।"

"भोपाल को क्या मालूम मेरा भाई कौन था?"

"यहाँ किसे मालूम था?" आणि वाईट वाटून म्हणाले, "बुरा मत मानिए।"

त्याच आठवड्यात, आकाशकंदील टांगायच्या धामधुमीत, बातमी आली की इंग्रजांनी मिसरवर बाँब टाकायला सुरुवात केली. फ्रेंच बरोबर. कारण काय, तर मिसरने कालवा आपल्या ताब्यात घेतला. जमीन मिसरची, खोदताना मेले ते मिसरचे, आणि कालवा विलायतेतल्या भागीदारांचा. बोलायचं कारण आणखी गोड होतं. म्हणे इस्रायल आणि मिसर भांडतायत, आम्ही त्यांना सोडवायला आलोय. बाजारात दोघांना आधी लढवून द्यायचं आणि मग सोडवायला मधे शिरून गल्ल्यात हात घालायचा, ही युक्ती किती जुनी आहे ते मला विचारा. संयुक्त राष्ट्रांत सगळं जग थांबा म्हणालं, तर यांनी नकाराधिकाराचा एक हात वर करून सगळ्या जगाला गप्प केलं.

माझ्या दुकानात मुरारचे एक म्हातारे सुभेदार येऊन बसायचे. निवृत्त, मिशा कडक, इंग्रजी शिस्तीवर जीव. त्या दिवशी रेडिओ ऐकून म्हणाले, "बघ, दोन दिवसांत कालवा साफ करतील. अंग्रेज का काम पक्का होता है."

"सुभेदारसाहेब, पक्कं काम करणाऱ्याने माझा भाऊ कुठे ठेवलाय?"

"लढाईत माणसं जातात. त्यात रडायचं काय?"

"जातात नाही, नेतात. तुम्हीच सांगा, त्या मिसरच्या माणसाने तुमचं काय घोडं मारलं होतं?"

"प्रश्न विचारतो तो शिपाई नाही."

"म्हणूनच मी दुकानदार आहे. तुमच्या साहेबांनी बंदूक हातात देताना एकदा तरी सांगितलं का, की हे कशासाठी? कालव्यासाठी, कंपनीच्या भागांसाठी, चहाच्या मळ्यांसाठी?"

सुभेदार उठले. जाता जाता म्हणाले, "तुझा भाऊ तुझ्यापेक्षा बरा होता. तो बोलला नाही."

मी काउंटरवरून उडी मारली असती, पण समोर दोन बायका मुलांसाठी घोंगडी बघत होत्या. मी त्यांना दाम सांगितला आणि आयुष्यात पहिल्यांदा पहिल्या बोलीला माल देऊन टाकला.

पाडव्याच्या सकाळी मी पुन्हा विषय काढला. पाडव्याला बायका नवऱ्याला ओवाळतात. आमच्या घरी त्या दिवशी वहिनी पहाटे आपलं काम उरकून मागे तुळशीपाशी बसायच्या. मी जाऊन उभा राहिलो.

"वहिनी, गुरुजींना सांगून ठेवतो. दिवाळी झाली की करून टाकू. आता कागदही भोपाळला गेला. सांगणारं कुणी उरलं नाही."

"कालची बातमी ऐकली मी," त्या म्हणाल्या. "रेडिओवर. त्याच कालव्यापाशी न?"

"हो. तिथेच."

"आता तिथल्या बायकाही बसतील अशा."

"बसतील. पण आपण आपलं बघू या. आशेवर किती दिवस—"

"आशा?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत त्यांनी माझ्या नजरेला नजर दिल्याचं मला आठवत नाही. "भाऊजी, हे गेले ते मला कधीच कळलं. तुम्ही किला गेटाहून आलात त्याच दिवशी. मी काही वेडी नाही."

"मग करत का नाही?"

"मी गवताचा नवरा करून जाळला, की झालं. मग सगळे म्हणतील, मिटलं. त्यांच्या मरणाचा दाखला मीच दिला असं होईल. ज्यांनी नेलं त्यांनी काहीच सांगायचं नाही? ते सुटले? ते तिकडे दुसऱ्यांना मारायला मोकळे?" त्यांचा आवाज जराही चढला नव्हता. "त्यांनी यावं, नाहीतर लिहावं. आम्ही नेला, अमक्या जागी मेला, कशासाठी मेला. एवढं सांगावं. मग मी माझ्या हाताने कुंकू पुसीन. तोवर कुणाचं बोट थांबलं तर थांबू दे."

मी जन्मभर सौदे केले. समोरचा स्वस्तात सुटत असेल तर त्याला सोडू नये, हे मला कळायला हवं होतं आणि ते मला खेड्यातून आलेल्या, चार शब्द न बोलणाऱ्या वहिनींनी सांगितलं. मी गुरुजींकडे गेलो नाही.

संध्याकाळी बाड्यावर, म्हणजे आमच्या मोठ्या चौकात, सभा होती, मिसरवरच्या हल्ल्याच्या निषेधाची. बरीच गर्दी होती. वक्ते चांगले होते, शांततेवर बोलले, दुबळ्या देशांच्या हक्कांवर बोलले. ठराव वाचला गेला. मी पुढे जाऊन म्हटलं, "यात एक ओळ घाला. याच इंग्रजांनी आपली माणसं त्याच वाळवंटात नेली आणि त्यांचं काय झालं ते सांगितलं नाही. त्याचा जाब मागा."

अध्यक्ष समजूतदार गृहस्थ होते. "भाऊसाहेब, आपलं दुःख आम्ही समजतो. पण हा विषय वेगळा आहे. आज प्रश्न मिसरचा आहे."

"वेगळा कसा? माणूस तोच नेणारा, जागा तीच, कारण तेच!"

"आप बैठ जाइए," मागून कुणी ओरडलं. "अरे यार, दुकानदारी यहाँ भी!"

मी त्या ओरडणाऱ्याला शोधायला वळलो तर मला दोघांनी धरलं. टाळ्यांच्या गजरात ठराव पास झाला. माझी ओळ त्यात नाही.

थोड्या दिवसांनी इंग्रजांनी मिसरमधला हल्ला थांबवला. लोक म्हणाले, जगाची लाज वाटली. लाज कसली? अमेरिकेने पैशाचा हात आखडता घेतला, पौंड डगमगला, तेव्हा थांबले. दर परवडेना म्हणून दुकान बंद केलं. जे मिसरचे लोक तोवर मेले त्यांची पोच कुणी घेतली, हे कुणी विचारलं नाही. अमेरिकेने हात आखडला म्हणून तिला साधू ठरवणारेही मला भेटले. तीच अमेरिका शेजारच्या पाकिस्तानला रणगाडे देत होती. मोठ्या देशांना लढाई वाईट वाटते ती दुसऱ्याने केलेली.

मला आता कुणी समजावायला येऊ नये की ते राज्य गेलं, तो दरबार गेला, मध्य भारतही गेला, आता काय उकरायचं. राज्यं मोडतात, जोडतात, नावं बदलतात, ठीक आहे. पण विलायत आहे तिथेच आहे. तिचं युद्धखातं आहे, तिचं पार्लमेंट आहे, तिच्या गिरिजाघरांत तिच्या मेलेल्यांची नावं दगडात कोरलेली आहेत. ज्या पलटणीने माझ्या भावाची खेचरं सही करून घेतली ती पलटण कुठेतरी आपला वाढदिवस साजरा करत असेल. तिचा साहेब निवृत्त होऊन बागेत गुलाब लावत असेल. त्याला विचारा. त्या पार्लमेंटात जो कुणी उभा राहून पुढच्या लढाईसाठी माणसं आणि पैसा मागत असेल, त्याला आधी मागच्याचा हिशेब द्यायला लावा. आणि आमचे जे पुढारी त्यांच्या मेजवान्यांना जातात, त्यांनी तिथे ग्लास उचलण्याआधी एवढा एक प्रश्न विचारावा.

माझ्या वहिनी लष्करात, आमच्या घरी, कुंकू लावून बसलेल्या आहेत. तुम्ही त्यांचा नवरा नेलात. तो कुठे मेला आणि कुणासाठी मेला, हे त्यांना तुम्ही सांगायचं आहे. आम्ही नाही. बोला.